आडवी रेघ आणि एन

हातात छापील चिठ्ठ्यांची गुंडाळी घेऊन रक्तपेढीची ती प्रोग्रामर रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत शिरली ती तणतणतच.

"चिठ्ठ्या छापायला मी हुकूम लिहून दिले होते, ती माझी स्क्रिप्ट कोणी बिघडवली?"

खुर्चीतला उंच तरुण दचकून उठला आणि त्याचं डोकं जिन्याला थाडकन आपटलं. तिथला युनिक्स प्रणालीवर चालणारा जुना संगणक तोच सांभाळायचा. नर्सबाई त्याला 'जिराफ' म्हणत, ते उगाच नव्हे.

"बिघडवली नाही हो... बघू?" डोकं चोळत त्याने चिठ्ठ्या घेतल्या. रक्ताच्या बाटल्यांवर लावायच्या त्या चिठ्ठ्या. आणि प्रत्येक नावाआधी एक आडवी रेघ नि 'एन'!

"वर माझ्या लिनक्सच्या संगणकावर तर मस्त चालते," ती फणकारली.

"चालणारच. तिथे 'एको' म्हणजे 'छाप', आणि त्यापुढचा हा 'एन' म्हणजे हुकूम — छापल्यावर नव्या ओळीवर जाऊ नको. आमच्या या म्हाताऱ्या यंत्राला तो हुकूमच कळत नाही. बिचारं तो 'एन'च छापून मोकळं होतं. 'एको'ऐवजी 'प्रिंटएफ' लिहा, दोन्ही यंत्रांना समजेल."

"म्हणजे चूक माझीच?"

"छे! तुम्ही फक्त... आपल्याच घरचं यंत्र पाहिलंत."

तिला हसू आवरेना. राग कुठल्या कुठे पळाला.

पण अडचणी एकीतून दुसरी निघत गेल्या. म्हाताऱ्याकडे तारीख वेगळ्या हुकुमाने मागावी लागे, आणि तिची स्क्रिप्ट वाचणारा 'बॅश' नावाचा दुभाषा तर त्याच्याकडे नव्हताच. त्यातून रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी बजावलेलं — स्क्रिप्ट दोन्हीकडे चालली नाही, तर म्हातारा भंगारात आणि जिराफाची बदली दुसऱ्या गावी. ते ऐकल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज दुपारी ती खाली यायची. दोघं एकाच पडद्यासमोर बसायची. कोपराला कोपर लागला, की दोघांचीही बोटं कळफलकावर अडखळायची.

अखेर एका दुपारी छपाईयंत्र खडखडलं. चिठ्ठ्या एकापाठोपाठ एक... स्वच्छ!

"राहिलात तुम्ही इथेच!" ती ओरडलीच.

तो हसला. "एक विचारू? ही तपासणी तुम्हाला वर तुमच्या खोलीत बसूनही करता आली असती. तारेने जोडलंय सगळं."

"माहितीय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," ती चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाली.

त्याचे कान लालबुंद झाले. "मला... मला तुम्ही फार आवडता."

"मलाही तू आवडतोस," ती हळूच म्हणाली. "आणि आता हे 'तुम्ही' पुरे कर बघू!"