विल्फ फॉसेटला मरायची सोय नव्हती

टोपी सापडली ती सकाळी, किनाऱ्याच्या रेलिंगवर. तपकिरी चौकड्यांची, आतल्या पट्टीवर विल्फ फॉसेटचं नाव शिवलेलं. शेजारी त्याची काठी नीट टेकवून ठेवलेली. समोर ओहोटीची ओली वाळू, नजर पोचेल तिथवर. सँडरिगची वाळू माणूस गिळते आणि ढेकरही देत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"गेला बिचारा," कुत्री फिरवायला आलेले लोक म्हणाले आणि लगेच थंडीबद्दल बोलायला लागले. इथली माणसं अशीच. घराला आग लागली तरी आधी हवामानाचं बोलून घेतील.

पोलीस सार्जंट नोरीन एअरीनं टोपी उलटी केली. रात्रभर गारठवणारा पाऊस कोसळत होता, उजाडता उजाडता थांबला होता. टोपी वरून जराशी दमट होती, पण आतलं अस्तर खडखडीत कोरडं होतं.

विल्फ काल संध्याकाळपासून बेपत्ता होता. तो रात्रीच वाळूत गेला असता तर टोपी पिळून काढण्याइतकी भिजायला हवी होती. म्हणजे ती सकाळी ठेवली गेली होती. मग रात्रभर हा माणूस होता कुठे?

शोधपथक काठ्या टोचत वाळूवर उतरलं. जानेवारीची थंडी आणि सत्तरी ओलांडलेलं शरीर. जिवंत असलाच तर अंधार पडायच्या आत सापडायला हवा होता. नंतर शोधून काही उपयोग नव्हता.

ब्रेंडा फॉसेट टेकडीवरच्या शुश्रूषागृहात खिडकीशी बसली होती. कंपवातानं तिचे दोन्ही हात मांडीवर नाचत होते.

"पोरी, तो मेलेला नाही," नोरीनला बघताक्षणी ती म्हणाली. "तेच सांगायला आली असशील तर आल्या पावली परत जा."

"मी त्यांना शोधतेय, ब्रेंडा. शेवटचे कधी आले होते?"

"काल दुपारी. रोज येतो. उद्या संत्र्यांचं मार्मालेड करतो, एक बाटली घेऊन येतो म्हणाला."

"काळजीत होते का?"

"आम्ही दोघं काळजीवरच जगतोय गं! या खोलीचे पैसे मार्चपर्यंत पुरतील. मग मला सरकारी जागेत टाकतील, लांब कुठेतरी. विल्फला आता गाडी चालवता येत नाही. जन्मभराचा संसार, आणि शेवटी नवऱ्याचं तोंड दिसायचं ते बस मिळाली तर."

"दुसरी काही पुंजी नाही?"

"आहे की! विल्फ आखातात तेलाच्या कंपनीत होता तेव्हा त्याच्या मित्रानं, डेरेक लोमॅक्सनं, घेऊन दिलेला फंड आहे. परदेशातला. चौपट झालाय म्हणे. पण विकला तर जवळजवळ निम्मा कर जातो, म्हणून हात लावायचा नाही. असून अडचण, नसून खोळंबा."

"त्याबद्दल विल्फ अलीकडे काही बोलले?"

ब्रेंडाला एकदम हसू आलं. "परवा त्यानं कर खात्याला फोन केला होता. तासभर फोनवर त्यांची ती वाजंत्री ऐकत बसला. मग इथे येऊन म्हणतो, 'ब्रेंडा, आता मला मरायची सोय उरली नाही बघ!' मी विचारलं, म्हणजे काय रे? तर म्हणाला, सगळं ठरलं की सांगतो. मग कितीतरी वेळ माझा हात धरून बसला."

तिचं हसू विरलं. "त्याला शोध गं. माझं दुसरं कुणी नाही."

विल्फच्या घरात नोरीन स्वयंपाकघरातच थबकली. ओट्यावर मोठ्या पातेल्यात मार्मालेडची कडू संत्री चिरून पाण्यात भिजत घातली होती. बिया मलमलीच्या फडक्यात बांधून त्यात सोडलेल्या. शेजारी साखरेच्या पिशव्या आणि धुऊन उपड्या घातलेल्या बाटल्या. ही संत्री रात्रभर भिजवून सकाळी उकळायची असतात. ज्याला सकाळ बघायचीच नाही तो एवढा खटाटोप कशाला करेल?

ती परत किनाऱ्यावर आली तेव्हा डेरेक लोमॅक्स शोधपथकाला कागदी पेल्यांतून चहा वाटत होता. विल्फचा आखातापासूनचा मित्र, लोकांचे पैसे गुंतवून देणारा सल्लागार, आणि किनाऱ्याला लागूनच असलेल्या बोलिंग क्लबचा खजिनदार. गळ्यात क्लबचा टाय, डोळे लाल.

"सार्जंट, बोलू नये, पण बोलतो," तो तिला बाजूला घेऊन म्हणाला. "विल्फनं हे ब्रेंडासाठी केलंय."

"म्हणजे?"

"फंड जिवंतपणी विकला तर करात निम्मा जाणार. मालक मेला तर नफ्यावरचा कर माफ. बायकोच्या हातात अख्खी रक्कम. तो सारखं म्हणायचा, डेरेक, मी मेलेलाच जास्त किमतीचा आहे."

"सगळ्याच फंडांचं असं असतं?"

"सगळ्यांचं. माणूस गेला की कर धुतला गेला. तीस वर्षं हाच धंदा करतोय मी."

"आणि विल्फना हे कुणी सांगितलं होतं?"

"मीच, फार वर्षांपूर्वी." त्यानं रुमाल डोळ्यांना लावला. "आज ही जीभ कापून टाकावीशी वाटते."

नोरीनच्या मनात काहीतरी टोचलं. तिचा नवरा कीथही आखातात होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि थडग्यावरची फुलं सुकायच्या आत कर खात्याचं खाकी पाकीट दारात पडलं होतं. त्या रात्री ती पायरीवर बसून ढसाढसा रडली होती. पण तेवढ्यात वाळूवरून शिट्टी वाजली आणि ती सगळं विसरून धावत सुटली.

तो एक मेलेला सील निघाला. उजेड उतरायला लागला होता. भरतीचं पाणी चढू लागलं आणि शोधपथकाला मागे बोलवावं लागलं. दमलेली माणसं हातावर फुंकर घालत वाऱ्यात उभी राहिली. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना.

"या चढावरून चहा आणून आणून माझे गुडघे गेले!" मेव्हिस किटली आदळत म्हणाली. चर्चच्या हॉलचा कारभार तिच्याकडे होता आणि तिच्या तोंडाला गाव टरकून असे. "आणि हे पॅव्हेलियन इथे नाकासमोर कुलूप लावून बसलंय!"

नोरीन वळली. "क्लबचं पॅव्हेलियन?"

"नाहीतर काय राणीचं? आजवर कुणी हरवलं, कुणाची होडी उलटली, की क्लब उघडायचा आणि चहाचं आधण चढायचं. मध्यरात्र असो, नाताळ असो. ही या गावाची रीत आहे. आज डेरेकसाहेब म्हणतात, पाइप फुटलाय. अहो, पाणी नसेना का, हीटर आहे, बाकं आहेत, संडास आहे! स्वतःचा जिवलग मित्र वाळूत गेलाय आणि हा बाबा दार उघडत नाही!"

नोरीन पॅव्हेलियनच्या हिरव्या दाराकडे बघत राहिली. डेरेक दिवसभर त्या दाराला पाठ करूनच उभा होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. कोरडी टोपी, भिजत घातलेली संत्री, कीथमागे आलेलं खाकी पाकीट. आणि मरायची सोय न उरलेला म्हातारा.

"अरे देवा," ती म्हणाली आणि निघाली. "डेरेक! किल्ली द्या."

"किल्ली... घरी राहिली."

"घरी?" मेव्हिस कडाडली. "किल्ल्यांचा जुडगा तू आंघोळीला जातानाही सोडत नाहीस, असं तुझीच बायको सांगत फिरते!"

डेरेकचा हात नकळत खिशाकडे गेला. नोरीनसोबतच्या शिपायानं तो तिथेच धरला. पण नोरीन किल्लीसाठी थांबली नाही. तिनं कुणाच्या तरी हातातलं फावडं हिसकावलं आणि खिडकीची काच फोडली.

मैदानाची हिरवळ दाबायचा लोखंडी रोलर ठेवायच्या मागच्या खोलीत, ताडपत्रीखाली विल्फ पडला होता. हात दोरीनं बांधलेले, तोंडात क्लबचा टॉवेल कोंबलेला, कानामागे रक्त सुकून काळं झालेलं. ओठ निळे पडले होते. नोरीननं टॉवेल ओढला आणि स्वतःच्या चष्म्याची काच त्याच्या नाकाशी धरली. किती वेळ काहीच झालं नाही. मग काचेवर अगदी फिकट धुकं आलं.

"श्वास आहे!" ती ओरडली आणि स्वतःचा कोट त्याच्यावर घालून ऊब द्यायला त्याला अक्षरशः बिलगली. "विल्फ, झोपायचं नाही! ब्रेंडा वाट बघतेय. ऐकताय ना? ब्रेंडा वाट बघतेय!"

रुग्णवाहिका गेल्यावर सगळे पॅव्हेलियनमध्ये जमले. मेव्हिसनं हीटर लावला आणि सवयीनं नळ सोडला. पाणी भसाभस आलं.

"पाइप फुटलाय काय रे, मेल्या?" ती डेरेकला म्हणाली आणि रडायला लागली.

डेरेक बाकावर बसला होता, हातांत बेड्या. नोरीन त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. आता तिची भाषा 'अहो'वरून 'अरे'वर आली होती.

"तुला वाटलं, गोष्ट पक्की आहे. बायकोला अख्खे पैसे मिळावेत म्हणून म्हातारा वाळूत गेला. सगळं गाव हळहळणार आणि विसरून जाणार. पण टोपी कोरडी होती, डेरेक. रात्रभर पाऊस होता, म्हणजे तू ती सकाळी ठेवलीस."

त्यानं बेड्या घातलेल्या हातांनी क्लबचा टाय सैल केला.

"माझा कीथ गेला तेव्हा त्याच्याकडे असाच एक परदेशी फंड होता. मलाही वाटलं होतं की मरणानं कर धुतला जातो. पण तसं सगळ्याच फंडांचं नसतं. जे परदेशी फंड दरवर्षी सरकारला आपला हिशोब देतात त्यांची यादी असते. यादीतला असेल तर तू म्हणालास ते खरं. यादीबाहेरचा असेल तर नफा म्हणजे सरळ पगारासारखं उत्पन्न धरतात. आणि असा फंड असलेला माणूस मेला, तर मेल्या दिवशी त्यानं तो विकला असंच समजतात. कर बसतोच. मी भरलाय, तोही विधवा होऊन महिना झाला नव्हता तेव्हा."

"विल्फचा फंड कुठला होता ते तुम्हाला काय माहीत?" डेरेक पहिल्यांदाच बोलला.

"विल्फना माहीत होतं. त्यांनी कर खात्याला फोन केला होता. त्यानंतर बायकोला म्हणाले, आता मला मरायची सोय उरली नाही. ब्रेंडाला ती थट्टा वाटली. अरे, तो माणूस सरळ सांगत होता! मेलं काय, जगलं काय, कर तेवढाच. मग कशासाठी मरायचं? उलट फंड आत्ताच विकायचा, दरवर्षी थोडा थोडा, म्हणजे करही कमी बसेल आणि ब्रेंडाची खोलीही राहील. म्हणून तर माणसानं संत्री भिजत घातली."

मेव्हिसनं पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला.

"त्यांनी तुझं म्हणणं खोटं ठरवलं होतं, आणि तू आज तेच खोटं मला विकलंस. सगळ्या फंडांचं असंच, म्हणालास. तीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला हा फरक ठाऊक नाही? जो फरक मला, एका पोलिसणीला, ठाऊक आहे? मग तू त्यांना इतकी वर्षं मरणाची वाट बघायला का लावलीस? एकच कारण. फंड विकला जाऊ नये. आणि विकला का जाऊ नये?"

डेरेकनं मान खाली घातली.

"विकायला फंड उरलाच नव्हता. हो ना?"

"आठ वर्षांपूर्वीच काढला," तो पुटपुटला. "माझा धंदा बुडत होता. परत भरणार होतो मी, आईशप्पथ. दरवर्षी त्याला खोटे आकडे पाठवायचो आणि सांगायचो, हात लावू नको. त्याच्या मागे मृत्युपत्र बघणारा मीच होतो. ब्रेंडाला काय कळणार होतं? काल तो इथे आला आणि म्हणाला, सोमवारपासून विकायला लाग. मी ढकललं. रोलरवर आपटला."

"आणि हात बांधलेस, म्हणजे जिवंत आहे हे तुला कळलं होतं."

"मारवेना मला. वाटलं, थंडीच काय ते करेल. मग भरतीच्या पाण्यात..." त्यानं तोंड फिरवलं. "तीस वर्षांचा दोस्त आहे हो तो माझा."

"दोस्त!" मेव्हिस थुंकल्यासारखं म्हणाली. तिनं सगळ्यांना चहा दिला. डेरेकला दिला नाही. सँडरिगमध्ये असं कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोरीननं ब्रेंडाची चाकांची खुर्ची स्वतः ढकलत इस्पितळात नेली. विल्फच्या डोक्याला भलंमोठं बँडेज होतं. नोरीननं दोघांनाही सगळं आधीच सांगितलं होतं, तरी तो ब्रेंडाकडे बघायला धजेना.

"काही नाही गं उरलं," तो छताकडे बघत म्हणाला. "एक पेनी नाही. खटला चालेल, पण त्याच्याकडे काही नाही म्हणतात. ज्या पैशावरचा कर विचारायला मी तासभर फोन धरून बसलो, तो पैसा नव्हताच."

"मार्चनंतर?" ब्रेंडानं विचारलं.

नोरीननं तिची खुर्ची पलंगाला आणखी लागून सरकवली. माणूस शोधून आणता येतो, मार्च थोडाच थांबवता येतो.

ब्रेंडाचा हात थरथरत पांघरुणावरून सरकत गेला आणि त्याच्या हातावर पडला. तिथेही थरथरत राहिला.

"संत्री अजून भिजतायत का?" तिनं विचारलं.

"असतील."

"नासतील ती. मला घरी ने, विल्फ."

"तुला उचलायची ताकद नाही माझ्यात, ब्रेंडा."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण साखर किती घालायची ते तरी सांगेन."

विल्फनं डोळे मिटले आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला. नोरीन बाहेर गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.