गेलेली पत सावरून मिळेल

एकाहत्तर सालच्या श्रावणात श्रीगोंद्यातल्या पिठाच्या गिरणीमागे एका खोलीवर पाटी लागली: 'गेलेली पत सावरून मिळेल.' लोकांनी टिंगल केली, हे काय सायकलचं पंक्चर आहे काय? करा म्हणावं टिंगल! पाटी लावणाऱ्या मनकर्णाबाई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. शाई कुणी सांडली हे त्यांना पोरांच्या तोंडाकडे बघूनच कळायचं. लिहिण्याच्या कामाला चांदभाई होते. अक्षर मोत्यासारखं, डोकं मात्र बैलगाडीच्या चालीचं. गिरणीची घरघर सुरू झाली की त्यांना गुंगी यायची. कवडशात तरंगणारं पीठ बघता बघता दुपार कुठे जायची ते त्यांना कळत नसे.

अशाच एका गुंगीत पहिलं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. जवळच्या गावची गोजरबाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, वाचाही गेलेली. घर चालवायला तिने गावच्या पतपुरवठा सोसायटीकडे म्हशीसाठी कर्ज मागितलं, तर नवऱ्याचं नाव थकबाकीदारांच्या यादीत! चैत्रात जत्रेच्या आदल्या दिवशी शेळ्या विकून तिने नवऱ्याच्या जुन्या बाकीचे तीनशे चाळीस रुपये पुरते भरले होते. पावती पदराच्या गाठीत राहिली आणि धुण्यात गेली. सोमवारी कर्जाची बैठक होती. तोवर नाव निघालं नाही तर म्हैस गेली आणि अब्रूही गेली.

"गाव मला लबाड म्हनतंय, बाई," ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

चांदभाईंनी वहीत लिहायला नवऱ्याचं नाव विचारलं. तिने तोंडाला पदर लावला. "आमच्या गोरक्षाचं बाप," ती पुटपुटली. चांदभाईंनी तिने आणलेल्या सोसायटीच्या नोटिशीवरून 'कानिफनाथ' असं नाव उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई आणि चांदभाई तिच्या गावी गेले. गोजरबाईचं आणि दिराचं हाडवैर, म्हणून चांदभाईंचा पहिला संशय त्याच्यावर. पण दिराने नाक मुरडत का होईना, खरं सांगितलं. भावजय सोसायटीत पैसे मोजताना त्याने स्वतः पाहिली होती.

मग चांदभाईंची खात्रीच पटली की पैसे सचिवाने खाल्ले. सचिव आबासाहेब बाहेरगावचा, फाल्गुनात रुजू झालेला. त्याने वही पुढे टाकली. विचारल्याशिवाय आपण ओळ लिहीत नाही, गावात नवे होतो तेव्हा तर खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्यांनाही विचारायचो, असं तो ठसक्यात म्हणाला. वहीत जत्रेच्या आदल्या दिवशी एकच भरणा होता: गावातल्याच छगनच्या नावे तीनशे चाळीस. त्याची बाकी तीनशेच, म्हणून वरचे चाळीस ठेवीत टाकलेले.

छगन म्हातारा उंबऱ्यात दोर वळत बसला होता. चेहऱ्यावर नुसतं चांदणं. चोरीच्या आळावरून चार वर्षांपूर्वी त्याने मुलाला घराबाहेर काढलं होतं. "पन माझ्या गोरक्षानं गुपचूप माझी बाकी फेडली बगा," तो म्हणाला. "मंग मीबी मुंबईला पत्र टाकलं, ये म्हनून. आयतवारी येतोय." परत येताना चांदभाईंना त्या म्हाताऱ्याचं सुख आपल्याच घरचं वाटत होतं.

शनिवारी मनकर्णाबाईंनी सगळ्यांना सोसायटीत बोलावलं.

"स्वतःची बाकी फेडणारा चाळीस रुपये जास्त कशाला भरेल?" त्या म्हणाल्या. "तीनशे चाळीस ही कानिफनाथची बाकी. गोजरबाई, नवऱ्याचं नाव सांगा."

गोजरबाईने मान खाली घातली. "गोरक्षाचं बाप."

"त्या दिवशीही त्या हेच म्हणाल्या असणार. नवऱ्याचं नाव त्या घेणार कशा? आबासाहेबांनी खिडकीशी बसलेल्यांना विचारलं, हा गोरक्षाचा बाप कोण? नाथांच्या मुलखात घरोघरी गोरक्ष. म्हाताऱ्यांना त्यांच्या वयाचा छगन आठवला. लबाडी कुणाचीच नाही."

आबासाहेब ओशाळला. असंच झालं होतं, त्याने कबूल केलं. पण छगनने लिहून दिल्याशिवाय नोंद फिरवता येत नव्हती. लिहून दिलं तर छगन थकबाकीदार, हेही त्याने सांगितलं.

छगनने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"म्हंजी माझ्या पोरानं न्हाई भरलं," तो हळूच म्हणाला. चांदभाईंना वाटलं, हे कोडं सुटलंच नसतं तर बरं झालं असतं.

मग छगनने अंगठा पुढे केला. "लावा शाई. बाईचं पैसं बाईला द्या."

गोजरबाई त्याच्या पाया पडली. चांदभाईंना राहवेना. आता मुलाला काय कळवायचं, त्यांनी विचारलं.

"काय न्हाई," छगन अंगठा धोतराला पुसत म्हणाला. "लेकरू गाडीत बसलं आसंल. आल्यावर त्याला पैशाचं कुनी इचारू नका."