बेकबोलोतची दुसरी रोटी

एलनुरा, चहा ओत आणि बस. उद्या एकटीच शहराला जाते म्हणतेस ना? जा. मी अडवत नाही. फक्त बेकबोलोतचं ऐकून जा. माझा सख्खा मेहुणा तो. खोटं वाटलं तर त्यालाच विचार.

दोन वर्षं झाली. डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. दुपारी खालून, कारा-बाल्ता शहरातल्या दवाखान्यातून फोन आला. त्याची लेक आयचुरोक बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिच्या गटाचं रक्त तिथे नव्हतं, बापाचं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्री दहाच्या आत पोचा.

मध्ये घाट. घाटावर बर्फ.

माझी बहीण बुरमा, त्याची बायको, म्हणाली, "एकट्याने नका जाऊ. शेजारचा तुराट येतो म्हणालाय."

तिने उंबऱ्यावर दोन रोट्या आणून ठेवल्या. निघणाऱ्याने एक घास चावायचा, उरलेली घरात टांगायची. माणूस परत येऊन ती संपवतो. आपण सगळे असेच निघतो.

तुराटचा चार वाजता फोन, "पाच मिनिटांत आलो." सव्वाचारला, "हा काय, निघालोच." साडेचारला फोनच उचलेना.

बेकबोलोत भडकला. "याची पाच मिनिटं माझ्या लेकीच्या मुळावर उठलीत!" त्याने स्वतःची रोटी चावली. मग रागाच्या भरात दुसरीचाही लचका तोडला. "घे, त्याचीही चावली. मिळाला मला सोबती!"

बुरमाने दोन्ही रोट्या टांगल्या.

घाटाच्या पायथ्याशी, बर्फावर घसरू नयेत म्हणून चाकांना साखळ्या बांधायला तो थांबला. तिथे एक बाई चहा विकते. तिने दोन वाट्या भरून आणल्या.

"एकच दे, ताई."

"आणि त्यांना? केव्हाचे गारठून बसलेत."

"कोणाला?"

बाईने गाडीकडे हनुवटी उडवली. "भांडलात वाटतं? भांडा. पण चहा तरी पाजा त्यांना."

बेकबोलोतने मान वळवून पाहिलं. गाडी रिकामी.

त्याने बुरमाला फोन लावला. "ती दुसरी रोटी आहे ना, फेकून दे."

"रोटी फेकतात का कधी? वेड लागलंय?"

"मग कुत्र्याला घाल!"

"तुम्ही दुसऱ्याच्या वाटची चावलीत. आता ज्याची असेल तो येईल आणि खाईल. मी काय करू?" ती रडायला लागली. "आयचुरोकचा फोन लागत नाहीये. तुम्ही आधी तिच्याकडे पोचा."

तो निघाला. सगळ्या वाटेने शेजारच्या जागेला शिव्या देत होता म्हणे. "कोण आहेस? बोल तरी! फुकट बसायचं आणि वर तोंडाला कुलूप!"



बोगद्याच्या अलीकडे रस्त्यावर दांडा आडवा होता. पुढे एक मालट्रक उभा. राखणदाराने त्या ड्रायव्हरला हात केला. "मागे फिर. वर वादळ आहे. एकट्याला सोडायचं नाही, हुकूम आहे."

मग तो बेकबोलोतच्या गाडीपाशी आला. विजेरी आत मारली. आधी याच्या तोंडावर. मग शेजारी. तिथे जरा जास्त वेळ.

"दोघं आहात. जा. पण यांना पट्टा लावायला सांगा."

बेकबोलोतच्या ओठांवर आलं होतं, मी एकटा आहे. चहावालीलाही तो तेच तर सांगत होता.

त्याने लेकीचा विचार केला.

"सांगतो," तो म्हणाला.

दांडा वर गेला.

बोगदा तीन किलोमीटरचा. आतले दिवे बंद. त्याने शेजारी पाहिलं नाही. शिव्या थांबल्या होत्या...

मधोमध खट् असा आवाज झाला.

पट्ट्याचा...

त्याने गाडी थांबवली नाही.

पावणेदहाला तो दवाखान्यात पोचला. धावतच आत गेला. परिचारिका म्हणाली, "रक्त कोण देणार? एकानेच आत या. दुसऱ्यांनी बाहेर गाडीत थांबा." तो मागे वळला नाही. बाही वर केली आणि आडवा झाला.

आयचुरोक वाचली. तिची मुलगी आता चालते. तू पाहिली आहेस तिला.

हसू नकोस, एलनुरा. अजून संपलेलं नाही.

पहाटे तो अंगणात आला. थंडी अशी, की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी. गाडीच्या सगळ्या काचा गोठलेल्या दहिवराने पांढऱ्याफटक. फक्त शेजारच्या जागेच्या काचेवर एक गोल स्वच्छ होता. बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर. आतून पुसलेला.

रात्रभर गाडीला कुलूप होतं.

तो जवळ गेला. वाकून आत पाहिलं. कोणी नाही.

आणि तो पाहत असताना त्या गोलावर वाफ धरली...

आतल्या बाजूने.