फोग्टच्या पुंगळ्या

जर्मनीतल्या येना शहरात भिंगांची मापं तपासण्याच्या कामात माझी अकरा वर्षं गेली आहेत, त्यामुळे रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या निवडणं मला जड गेलं नाही. आमच्या नेमबाजी क्लबातले उंच, पोट सुटलेले हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट मार्चमध्ये वारले. त्यांच्या शंभर पितळी पुंगळ्या त्यांच्या बायकोने माझ्या हातात दिल्या. "हिला कशाला?" असं क्लबातले दोघे-तिघे माझ्यासमोरच म्हणाले. मी डांके म्हणून आभार मानले आणि पुंगळ्यांचा खोका उचलला.

दारू आणि गोळी पुन्हा भरण्याआधी प्रत्येक पुंगळी साफ करायची, मापाला कापायची, तोंड घासायचं, वजन करायचं. वजनं जितकी सारखी, तितक्या गोळ्या एकमेकींजवळ लागतात. रविवारी दुपारी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बसून मी गट पाडले, बुडांवर बारीक नंबर घातले. चार बाद निघाल्या, त्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या.

पुढच्या रविवारी डब्यात अकरा होत्या.

जास्तीच्या सातांचं मी पुन्हा वजन केलं, भिंगाखाली आतूनबाहेरून पाहिल्या. एकीतही खोट नव्हती. परत जागेवर ठेवल्या.

"मल्हार, केलरमध्ये गेला होतास?"

"किल्ली तुझ्याकडेच असते ना," नवरा म्हणाला.

खरंच होतं. रायफल तिथे असते, म्हणून कायद्याने किल्ली फक्त माझ्याकडे.

तिसऱ्या रविवारी त्याच सात डब्यात. ओळीने, तोंडं खाली करून उभ्या. आणि माझं स्टूल कुणीतरी इतकं वर केलेलं, की बसल्यावर पाय जमिनीला पुरेनात.

भीतीपेक्षा राग जास्त होता. माझं माप आजवर कुणी खोडलं नव्हतं.

"हेर फोग्ट," मी मोठ्याने जर्मनमध्ये म्हणाले, "पुंगळ्या आता माझ्या आहेत. निवड मी करणार."

स्टूल खाली केलं आणि त्या सातही भरल्या.

शनिवारच्या स्पर्धेत सगळ्या वापरल्या. दुसरी आले. क्लबच्या संघात माझं नाव लागलं.

पार्किंगमध्ये फोग्टांची बायको, फ्राऊ फोग्ट, भेटल्या.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "पण त्या सात वापरल्यास. तो रागावलाय."

सात हा आकडा मी मल्हारलाही सांगितला नव्हता.

मी जागची हलले नाही. "त्यांना सांगा, यायचं असेल तर माझ्यासमोर या. आणि कशालाही हात लावायचा नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या हसल्या. "मीही त्याला तेच सांगते."

त्यांनी आधी शेजारच्या सीटचं दार उघडलं. जरा थांबल्या. वाकून पट्टा लावला. मग गाडीला वळसा घालून स्टिअरिंगपाशी बसल्या.

गाडी माझ्या अगदी जवळून वळली. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं.

पट्टा मात्र सीटपासून वीतभर पुढे, गोलसर ताणलेला होता.