पायलचा डबा

सिद्धलिंगनं चुकून दुसऱ्याचाच डबा उघडला, आणि चूक कळेपर्यंत अर्धी भाकरी पोटात गेली होती. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळ्यांचे डबे एकाच फळीवर असायचे, सगळे स्टीलचे, सगळे सारखे. समोर पायल उभी होती. कुंभारीहून येणारी, कॉलर शिवणारी, कुणाशी फारसं न बोलणारी.

"अवो... तो डबा माझा हाय."

त्यानं हातातला घास पटकन खाली ठेवला. "चुकलं बघा. माझा घ्या की तुमी."

"नको. खावा तुमी," ती हसली. "मला भूकच न्हाय."

ते हसू बघून गडी विरघळला. कापड कापताना सूतभर न चुकणारा हा माणूस त्या दुपारी दोन बाह्या उलट्या कापून बसला.

दुसऱ्या दिवशी तिनं आपणहूनच डबा पुढं केला. तिसऱ्या दिवशीही. कडक भाकरी, शेंगांची चटणी, कधी दही. महिन्याभरात 'तुमी'चं 'तू' झालं.

"आणि तू गं? जेवत न्हाईस?" त्यानं विचारलं.

"आज सोमवार."

"गुरुवारी उपवास, शनिवारी उपवास... तुझ्या देवांना सुट्टी न्हाय व्हय?"

"तू खाल्लास ना," ती खाली बघत म्हणाली, "की माझं पोट भरतं."

एवढं ऐकल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? रोज आपला डबा कुणी कुणाला उगाच देत नाही, हे कारखान्यातल्या बायकांनीही ओळखलं होतं. त्या चिडवायच्या, पायल लाजायची, आणि सिद्धलिंग बोटं चाटून डबा रिकामा करायचा. ती वाळत चालली होती, उकाड्यातही स्वेटर घालून बसायची. पण या प्रेमवीराला काही दिसेल तर शपथ! उलट एकदा तो म्हणाला, "बारीक झालीस. लई देखणी दिसतीस."

"खरंच?" तिनं इतक्या आशेनं विचारलं, की त्यानं पुन्हा सांगितलं.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी ती मशीनवरच कोसळली.

दवाखान्यात तिची आई मथुराबाई खाटेपाशी बसली होती. "डॉक्टर म्हणत्यात, पोरगी कित्येक महिने नीट जेवलीच न्हाय. असं कसं व्हईल? डबा तर रोज चाटूनपुसून रिकामा येतुया!"

भेटायला आलेला सिद्धलिंग दारातच थबकला. खाटेवरून पायल त्याच्याकडं बघत होती. तिनं मान हळूच हलवली... सांगू नकोस. सांगितलं तर ती त्याची राहणार नव्हती. नाही सांगितलं, तर ती राहणारच नव्हती.

"काकू... तो डबा रोज मी खात होतो."

मग एकेक बाहेर आलं. वर्षामागं मोडनिंबहून बघायला आलेल्या पाहुण्यांनी 'पोरगी अंगानं भारी' म्हणून नकार दिला होता. मथुराबाईही म्हणाली होती, दोन घास कमी खा. तेव्हापासून आरशात पायल स्वतःला जाडच दिसायची, हाडं वर आली तरी. हा नखरा नाही, उपवासही नाही, आजार आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. मथुराबाई पदरात तोंड घालून रडली.

निघताना सिद्धलिंग खाटेजवळ थांबला. "डबा प्रेमानं देत होतीस, का नकोसा म्हणून?"

"दोन्ही," ती म्हणाली. "विश्वासानं दिलेला, तू सांगून टाकलंस. आता येऊ नकोस."

उपचारांसाठी ती पुण्याला मामाकडं गेली. त्याच्या एकाही मेसेजला उत्तर आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत फळीवर तिच्या डब्याची जागा मोकळी असायची, आणि त्याला घास गिळवत नसे. आपण मिटक्या मारत तिचं आयुष्य खाल्लं, असं त्याला वाटायचं. ते काही जात नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी फोन वाजला. फोटो होता... ताटात अर्धी भाकरी. खाली लिहिलं होतं :

'अर्धी खाल्ली. तासभर लागला. लई रडले. तुझा राग अजून हाय. पण उरलेली कुणालाच दिली न्हाय.'

सगळ्या कारखान्यादेखत, पुढ्यातल्या डब्यावर वाकून सिद्धलिंग ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्यानं लिहिलं :

'मला ती भाकरी नकोच. तू हवी हायस.'