नागपूर ते मद्रास, चार तास

भागीरथाबाई विरजण मागायला म्हणून शेजारच्या रुखमाबाईकडे गेली आणि तिथंच बसली. चिमूरच्या त्या आळीत कोणाकडे काय शिजलं हे तिला ठाऊक नाही, असा दिवस क्वचितच जायचा. चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून आळीतली सगळी पत्रंही तीच वाचायची.

रुखमाबाईचा एकुलता लच्छू कालच नागपूरला गेला होता. आज अकराला तिथून विमानानं मद्रासला, नोकरीवर. गावातून कोणी विमानात बसायची ही पहिलीच वेळ.

घर कालपासून झाडलं नव्हतं. गेलेला माणूस पोचेपर्यंत त्याच्यामागे झाडू मारायचा नाही, हा रिवाज. उंबऱ्याशी सांडलेल्या पिठात लच्छूचं पाऊल उमटलं होतं, पाचही बोटांसकट. रुखमाबाई त्याला वळसा घालून ये-जा करत होती.

सव्वाअकराच्या सुमारास घरावरून घरघर गेली. दोघी अंगणात धावल्या. ढगांत काही दिसलं नाही, तरी रुखमाबाईनं हात हलवला.

"साडेपाचशे मैल," भागीरथाबाई म्हणाली. "लच्छूच सांगत होता, चार तास लागते. तीनले पोचते तुहा पोरगा."

"इतक्या लवकर कसा पोचन वं?"

"इमान हाय ते, बैलबंडी नोहे."

तिनं घरून गजराचं घड्याळ आणून कोनाड्यात ठेवलं. तीनला गजर झाला आणि तिनं झाडू उचलला.

"थांब ना बाई. पोचल्याचा कागद तं येऊ दे."

"कागदाले आठ दिवस लागन. तोवर का कचऱ्यात राह्यतं?"

पिठातलं पाऊल केरात गेलं. तेवढ्यात घरघर पुन्हा आली. या वेळी ती पुढं सरकेना. छपराच्या कवेलूंवर, अगदी जवळ, गोल गोल फिरत राहिली. आळीतलं एकही कुत्रं भुंकलं नाही.

"हे कोन्तं इमान हाय वं...?"

"दुसरं असन..." भागीरथाबाईनं झाडू भिंतीशी टेकवला. मग आवाज थांबला. लांब गेला नाही, नुसता थांबला.

आठव्या दिवशी पत्र आलं. तिनं आधी मनात वाचलं. 'विमान बिघडलं होतं. चारला नागपूर सोडलं. सुखरूप पोचलो.' मोठ्यानं तिनं शेवटचं तेवढं वाचलं. म्हणजे तीनला पोरगा नागपुरातच बसलेला. मग सव्वाअकराला वरून काय गेलं होतं? तिच्या पोटात कधी काही राहत नसे. हे मात्र राहिलं.

दिवाळीला लच्छू आला. तसाच हसरा. "काऊन मावशी, लई वाळली?" म्हणत तिचा हात धरला. हात गरम होता. तो ओल्या सारवणावरून सरळ चुलीपाशी जाऊन जेवायला बसला.

भागीरथाबाईनं खाली पाहिलं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत सारवण गुळगुळीत होतं. एकही बोट उमटलं नव्हतं.

रुखमाबाई पाठमोरी वाढत होती. भागीरथाबाई लच्छूच्या वाटेनं, टाच दाबत दाबत, चुलीपर्यंत चालत गेली. रुखमाबाई वळली. ओल्या पावलांकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुहे पाय लहान हाये, भागीरथा..." ती हळूच म्हणाली. "तरी रोज येऊन अशीच चालत जा. त्याले सांगू नोको."

भिंतीपलीकडे, भागीरथाबाईच्या घरात, गजर वाजू लागला. झाडू मारला त्या दिवसापासून तिनं घड्याळाला चावी दिली नव्हती.

लच्छूनं हातातला घास खाली ठेवला आणि वर कवेलूंकडे पाहिलं.

"तीन वाजले का, मावशी?"