बांगड्याचं गाऱ्हाणं

चारुता वाकली होती, म्हणून घोडा आला ते तिला दिसलंच नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती गावावरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर गेली होती, गणपतीवर टांगतात त्या माटवीच्या लाकडी चौकटीला बांधायला हरणाची पिवळी फुलं खुडायला. पाऊस नुसता भुरभुरत होता. धुक्यातून धाड धाड करत एक घोडा आला, तिच्यापाशी थांबला आणि भला मोठा सुस्कारा सोडून त्याने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. जशी काय मागच्या जन्मीची ओळख! वर टोपलीतली अर्धी फुलंही खाल्ली.

मागून गुडघाभर चिखलात माखलेला एक तरुण धापा टाकत आला. हातात दोर.

"बाईनू, हलू नकात हां... तुमी गेलास की तो परत आकांत करतलो."

"म्हणजे मिया हंयच रवू? उद्या गणपती येतलो घराक."

"गणपतीक सांगा, घोड्यान आडवल्यान म्हणान."

"आणि फुला खंय गेली म्हणान इचारल्यान तर?"

"तर... माझा नाव सांगा. सुदेश."

ती हसली नाही. पण ओठ दाबून धरावे लागले, हे खरं.

हा सुदेश वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा. पावसाळ्यात किनारा ओस, तेव्हा घोडी चरायला सड्यावर. दोन होती. ह्याच्या पाठीवर बांगडा माशासारखे निळसर पट्टे, म्हणून हा बांगडो. दुसरी शेवंती, पांढरी शुभ्र. वैशाखात पोट फुगून शेवंती गेली, आणि बांगडो एकटं राहायचंच विसरला. मोकळा सोडून सुदेशने पाठ फिरवली की कुंपणाच्या कडेने धावत सुटायचा, घामाने निथळायचा, पुढ्यातल्या हिरव्यागार गवताला तोंड लावायचा नाही. आणि खिंकाळणं असं, की सावंतवाडीच्या बाजारात मांडलेले लाकडी घोडेसुद्धा माना वळवायचे. बघितलेली माणसं आहेत!

सुदेशने सोबतीला बकरी बांधून बघितली. बकरीने बांगड्याची अर्धी शेपटी खाल्ली. मग सुदेशच नजर चुकवून काजूच्या झाडांआडून पळायला लागला, तर घोड्याने झाडांवरच डोळा ठेवला. हाडं वर आली होती बिचाऱ्याची. सुदेशचं जेवणही सुटलं होतं. हे जनावरही शेवंतीच्या मागोमाग जाणार, अशी त्याची खात्रीच झाली होती.

चारुता वेंगुर्ल्याच्या बालवाडीत शिकवायची. तिने हे सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. नजर चुकवून पळणाऱ्या आया तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांचीच पोरं सगळ्यात जास्त रडतात.

"सांगान जा तेका," ती म्हणाली. "वाईच लांब जा, तो भियाच्या आधी परत ये. उद्या आणि थोडा लांब."

"घोड्याक सांगू? काय सांगू?"

"माका काय सांगतंस ताच. येतंय म्हणान."

"तुमका मी खंय सांगलंय अजून काय..." म्हणत सुदेशने मान खाली घातली. चारुताच्या कानाच्या पाळ्या हरणाच्या फुलांसारख्या... छे, ती पिवळी असतात. जास्वंदीसारख्या झाल्या.

मग बालवाडी सुटली की ती रोज सड्यावर. सुदेश बांगड्याच्या मानेवर हात ठेवून "येतंय हां" म्हणायचा आणि दोघं चालायला लागायची. आधी धोंड्यापर्यंत, मग आंब्यापर्यंत, मग उताराच्या पलीकडे, जिथून घोडा दिसत नसे. घोडा दिसत नाही, घोड्याला आपण दिसत नाही, म्हणजे काय ते समजा. तिथे बसून दोघं कान देऊन ऐकायची. खिंकाळी यायच्या आत परतायचं, म्हणून बोलायचं हळू आणि हळू बोलायचं म्हणजे जवळ बसणं आलंच. तुमीचं तू झालं. एकदा त्याने तिच्या केसातलं कुसळ काढलं आणि ते टाकून द्यायला त्याला इतका वेळ लागला, की तेवढ्यात एखाद्याने शेत लावून काढलं असतं.

पण त्याच दिवसांत पुण्याच्या एका शाळेतून बोलावणं आलं. पक्की नोकरी, दिवाळीनंतर रुजू व्हायचं. बाबांनी गावभर पेढे वाटले. चारुताने मनाशी ठरवलं, सुदेश एकदा नुसतं 'रव' म्हणाला तरी जायचं नाही. तिने त्याला बातमी सांगितली. तो बांगड्याचे खूर बघत राहिला. "बरा झाला," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. बांगडो धष्टपुष्ट होत चालला आणि ती वाळत चालली.

दसऱ्यानंतर एका रविवारी सकाळी बांगडो एकटा चरला. दोघं घरी जाऊन जेवून आली तरी मान वर नाही. सुदेशने सड्यावरच्या देवाच्या पाषाणासमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे मोठ्याने मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी होकार भरायचा. बाकीचे म्हणजे एकटी चारुता.

"बा देवा म्हाराजा, लेकरान ठेयलेलो नारळ मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हो मुको जीव एकटो चरूक लागलो, तेका असोच सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ही चारुता... पुण्याक जाताहा. तिच्या मनात जावचा आसात, तर तिका सुखान जाव दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तोंडातून गेलंसुद्धा. पाळण्यात असल्यापासूनची सवय ती, शेवटचा 'म्हाराजा' कानावर पडला की जीभ आपली आपणच उत्तर देते. चारुताच्या पायाखालचा सडा सरकला. सुदेशने वळून नारळ फोडला. खोबरं तिच्या हातावर ठेवताना त्याची बोटं गार होती. ती काही बोलणार, तोवर तो घोड्याकडे निघूनही गेला. दुसऱ्या दिवशी तो घोडा घेऊन किनाऱ्यावर गेला, आणि चारुताने पुण्याला होकार कळवला. बालवाडीत तिच्या जागी दुसरी बाई आली. रोज ती उशीत तोंड खुपसायची आणि स्वतःच्या जिभेला शिव्या घालायची.

निघायच्या आदल्या दिवशी राहवलं नाही. ती किनाऱ्यावर गेली. सुदेश ओल्या वाळूत जीन पुसत बसला होता. पुण्याक थंडी असता का, त्याने विचारलं. स्वेटर घेतलंस का, विचारलं.

"तू माका इचारूचा सोडून देवाक कित्याक इचारलंस?" ती म्हणाली.

सुदेशने जीन खाली ठेवलं. "तुका इचारूची हिंमत नाय झाली. चार महिने किनारो बंद, आणि माझ्याकडे येक घोडो. म्हटला, देवासमोर तरी खरा बोलशीत. तू व्हय म्हटलंस..."

"गाऱ्हाण्यात आजपर्यंत कोणी 'नाय म्हाराजा' म्हटल्यान हा?"

लाट आली, दोघांच्या पायाखालची वाळू घेऊन गेली. सुदेशच्या डोळ्यांत पाणी बघून चारुताला रडू फुटलं. आता ना इथली नोकरी होती, ना बाबांना सांगायला तोंड. जायचं तर होतंच.

"तू जाव नये असा माका वाटता," सुदेश म्हणाला. एवढं सोपं वाक्य, पण पुण्याची बातमी कळल्यापासून त्याने ते गिळून ठेवलं होतं. "खूप वाटता, चारुता."

"माका पण जावचा नाय."

"म्हणजे जातलंस, पण खुशीन नाय."

"अजिबात नाय."

"बरा वाटला गो ऐकान," तो म्हणाला, आणि रडत रडत तिच्या ओढणीचं टोक हातात धरून बसला. अंधार पडेपर्यंत तिने ते सोडवून घेतलं नाही.